जंडेलचं मूळ ठाणं

आमचं घर म्हणजे गोऱ्यांच्या कबरस्तानाचं फाटक. फाटकाला लागून चौकीदाराची एक खोली होती, तिच्यात आम्ही पाच जणं राहायचो. आई वाळवणं थडग्यांवर घालायची, कारण तेवढा सपाट आणि तापणारा दगड आमच्याकडे दुसरा नव्हता. कुरडया एका कर्नलवर, सांडगे त्याच्या बायकोवर. कॉलेजात मी हे एकदा सांगितलं तर मुली हसल्या, आणि नंतर माझ्या डब्यातल्या कुरडईला कुणी हात लावला नाही. मला त्यात हसण्यासारखं तेव्हा काही वाटलं नव्हतं, आताही वाटत नाही.

आबा तिथले चौकीदार आणि माळी. त्यांच्याआधी त्यांचे वडील. कबरस्तान कमिटीचा पगार कधी वेळेवर यायचा, कधी पुढच्या महिन्यावर जायचा. जळण म्हणून निलगिरीच्या साली. शाळेत आम्हाला 'मढेवाले' म्हणायचे आणि आमच्या घरचं पाणी कुणी पीत नसे. साखर संपली की उसनी मागायला जायला शेजार नव्हता. शेजारी सगळे जमिनीखाली.

पण नारळाची ददात नव्हती. आमच्या घरी वांग्यात खोबरं, मेथीत खोबरं, पिठल्यातसुद्धा खोबरं. ती कृपा जंडेलची.

जंडेल म्हणजे जनरल. आमच्या छावणीतली जुनी माणसं असंच म्हणतात. कबरस्तानाच्या मागच्या कोपऱ्यात, कडुलिंबाखाली, माणसाच्या उंचीचा एक दगड उभा होता. पायथ्यापासून छातीपर्यंत शेंदरानं लिंपलेला. शेंदरावर शेंदूर चढून त्याचं जाड कवच झालेलं, त्यात डोळे बसवलेले. फौजेच्या भरतीला जाणारी पोरं दर गुरुवारी यायची. नारळ फोडायची, सिगारेट पेटवून दगडाच्या कडेला ठेवायची, रमचा एक घोट ओतायची आणि मग मैदानावर धावायला जायची. भरतीत नाव निघालं की 'जंडेल पावला' म्हणत पेढे घेऊन परत. अर्धा नारळ पोराचा, अर्धा आमचा; खाऊन उरलेलं खोबरं आबा बाजारात विकायचे. पाद्री अधूनमधून यायचे, तेव्हा त्या कोपऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे. त्यांनीच आबांना कधीतरी सांगितलं होतं, की हा साहेब इंग्रज नव्हता, आयर्लंडचा होता. आबांना त्या फरकाचा फार आधार वाटे. कुणी म्हणालं की गोऱ्याची कसली पूजा करता, तर ते म्हणत, "आपला जंडेल इंग्रज न्हाई."

मी इंग्रजी अक्षरं दगडांवरून शिकले. सगळे दगड 'सेक्रेड' या शब्दानं सुरू व्हायचे. जंडेलचा तेवढा वेगळा. शेंदराच्या वर फक्त दोन ओळी दिसायच्या: 'इरेक्टेड बाय' आणि खाली मेजर जनरल अमुक अमुक. शाळेत विचारलं, तर सरांनी अर्थ सांगितला, की ह्या माणसानं हा दगड उभारला. घरी येऊन आबांना विचारलं, की मेलेला माणूस स्वतःचा दगड कसा उभारेल? आबांकडे उत्तर तयार होतं. मोठी माणसं आपली जागा जित्तेपणीच बांधून ठेवतात. शिवाय त्या कबरीची मूळची दगडी चौकट अगदी आखूड होती, हे आजोबांनी पाहिलेलं. नंतर कुणा नवस फिटलेल्यानं तिच्यावर शहाबादी फरशीचा मोठा ओटा बांधला. चौकट आखूड, म्हणजे साहेब आडवा पुरलेला नाही. म्हणजे बसून समाधी घेतलेली. झालं. माझी शंका फिटली. देवाजवळ कुणी आधार कार्ड मागतं का?

आबांनी माझ्या शिक्षणाचा नवस त्याच्याजवळ केला होता. मी इंजिनिअर झाले. आमच्या फाटकातलीच नव्हे, आई आणि आबा दोन्हीकडच्या गोतावळ्यातली पहिली पदवीधर. हे मी कुठंही, कुणालाही, न विचारता सांगते. निकालाच्या दिवशी आबांनी जंडेलला अख्खी बाटली वाहिली, तेव्हा मी भांडले, की अभ्यास मी केला आणि श्रेय त्याला का? आबा म्हणाले, "तुला बुद्धी हाय, मान्य. पर फी भरायला नारळच फुटत व्हते ना?"

पुढे पुण्यात नोकरी, लग्न, आणि मग आयर्लंड. मी हृदयाच्या झडपा आणि स्टेंट बनवणाऱ्या कारखान्यात गुणवत्ता तपासते, नवरा ब्लँचर्डस्टाउनला सॉफ्टवेअरमध्ये आहे, राहतो ओंगारला, डब्लिनच्या कडेला. आयर्लंडची ऑफर आली तेव्हा मी आधी आबांना फोन केला. मग आबा म्हणाले, "जंडेलनं बोलावलं तुला."

आई गेल्यावर आबांना मी इकडे आणलं. बॅगेत दोन धोतरं, एक स्वेटर, विड्यांचा पुडा, आणि एका डबीत माती. जंडेलच्या ओट्याच्या कडेची.

"ही कशाला?"

"मूळ ठाण्याला भेटवाया."

आमच्याकडे प्रत्येक देवाचं एक मूळ ठाणं असतं. देव भक्तामागं कुठंही येऊन बसतो, पण त्याचं मूळ ठाणं दुसरीकडे असतं, आणि कधीतरी इथलं तिथं नेऊन भेटवावं लागतं. जंडेलची ती भेट कधी झालीच नव्हती. आबांच्या वडिलांच्या मनात ते राहून गेलं होतं. आता आबांची लेक जंडेलच्याच मुलखात. मग अडचण काय?

मी डबी स्वयंपाकघरातल्या प्रेसमध्ये ठेवली. इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि आता आम्हीही म्हणतो. चहापत्ती, हळद आणि जंडेल.

शोधणं कठीण गेलं नाही. आडनाव मला पाठ होतं, हुद्दा पाठ होता. गाडीनं तासाभरावरच्या एका गावात त्या आडनावाच्या घराण्याचा जुना वाडा होता आणि तिथल्या इतिहास मंडळाची माहिती नेटवर होती. मी लिहिलं. उत्तर आलं एका निवृत्त शिक्षिकेचं. शनिवारी या, म्हणाल्या, चहा देईन.

सत्तरीच्या पुढच्या, उंच, पायात चिखलाचे बूट. आबांनी हात जोडले, तर त्यांनीही जोडले आणि विचारलं, बरोबर जोडले ना? चर्चच्या बाजूच्या हॉलमध्ये त्यांनी चहा आणि ब्राउन ब्रेड मांडून ठेवला होता. बाई जनरलला सारखं 'युअर मॅन' म्हणत होत्या. इकडे कुणाही पुरुषाबद्दल बोलताना असं म्हणतात, तो गडी, या अर्थानं. बाई असेल तर 'युअर वन'. आबांना मी तसंच सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. गडी काय म्हणतात, जंडेल हाय तो.

मग बाईंनी जनरलची सगळी कारकीर्द सांगितली आणि मी वाक्यावाक्यानं मराठीत करत गेले.

मोठ्या घरचा धाकटा मुलगा. जमीन थोरल्याची, धाकट्याला फौज. वडिलांनी पैसे भरून त्याला हुद्दा घेऊन दिला. तेव्हा तशीच रीत होती. मिसरूड फुटायच्या आत तो हिंदुस्थानात. ब्रह्मदेशातल्या लढाईत मांडीत गोळी. त्याच्या हाताखालचे शिपाई बहुतेक इथल्याच आसपासचे, दुष्काळात उपाशी राहून फौजेत भरती झालेले. आबा मान हलवत होते. भरतीची पोरं त्यांना कळत होती.

मग सत्तावनचं बंड. बाई मला म्हणाल्या, हे वडिलांना सांगायचं की नाही ते तू ठरव. ह्या गड्यानं एक तुकडी नेली होती. बंडवाल्यांना आसरा दिला म्हणून गावं जाळली, आणि रस्त्याकडेच्या झाडांना माणसं टांगली. घरी लिहिताना त्यानं ते शिकारीबद्दल लिहावं तसं लिहिलं होतं.

मी ठरवायला वेळ घेतला नाही. मला गुळमुळीत बोलता येत नाही. जसं ऐकलं तसं आबांना सांगितलं.

आबांनी ब्रेडचा तुकडा बशीत परत ठेवला. "कुठली गावं?"

बाईंना नावं सांगता येईनात. मध्य हिंदुस्थान, एवढंच.

"आपल्याकडची बी असतील," आबा म्हणाले. कुणाला नव्हे, असंच.

पुढचं मी भराभर सांगितलं. बंडानंतर बरीच वर्षं आमच्याच छावणीत शांततेची नोकरी. तिथं त्यानं पाण्याचा हौद बांधला, रस्त्याला कडुलिंब लावले. आबा लहानपणी त्याच हौदात पोहायला शिकले होते. शेवटी मेजर जनरल. मग घरी परत. थोरला भाऊ निपुत्रिक वारला, जमीन ह्याच्याकडे आली. त्यानं खंड थकलेल्या कुळांना घराबाहेर काढलं. पुन्हा आत शिरू नयेत म्हणून घरांची छपरं मोडून टाकली. त्यातलं एक घर बाईंच्या पणजीचं. आणि बाईंचाच एक पणजोबा ह्याच्याच पलटणीत शिपाई होता, हिंदुस्थानात तापानं मेला.

"मग तुमी त्याला काय म्हंता?" आबांनी विचारलं. मी विचारलं.

बाई हसल्या. म्हणाल्या, आम्ही त्याला काही म्हणत नाही. शंभर वर्षांत कुणी त्याचं नाव काढलं नव्हतं. तुझी मेल आली तेव्हा मी दोनदा वाचली, की हिंदुस्थानात ह्या गड्याला कुणी फुलं वाहतं? मला वाटलं कुणी थट्टा करतंय.

चर्चच्या भिंतीवर त्याची पितळी पाटी होती. लढायांची नावं, पदकं. छपरांचं नाही, झाडांचं नाही. वाड्याचं म्हणाल तर, तो आयर्लंडच्या स्वातंत्र्याच्या धामधुमीत जळून गेला होता आणि फाटकाचे दोन खांब तेवढे उरले होते. ते बघून आबांना इतक्या वेळात पहिल्यांदा बरं वाटलं. खांबावर हात ठेवून म्हणाले, "फाटकच ऱ्हायलंय. आपल्यासारखं."

मग बाई म्हणाल्या, चला, कबर दाखवते.

मला वाटलं घराण्याची कबर असेल. आबांनी डबी हातात घेतली. चर्चच्या मागं भिंतीलगत काटेरी वेली, गवत, गुडघाभर खाजरी पानं. बाईंनी काठीनं वेल बाजूला केली आणि खाली आडवी शिळा दिसली. त्याच आडनावाची. तोच हुद्दा. मी वाचलं. पुन्हा वाचलं.

"आबा, हा इथं आहे."

"कोण?"

"जंडेल. इथंच मेला, म्हातारा होऊन. इथंच पुरलाय."

आबा शिळेच्या डोक्याकडून पायाकडे चालत गेले, मग परत आले. "हा तर आडवा निजलाय," म्हणाले. मग माझ्याकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता, आई गेली तेव्हाही नाही. आजोबांनी, आबांनी ज्याच्या नावानं दिवा लावला, ज्याच्या नारळावर आमची घरं चालली, ज्याच्यापुढे शेकडो पोरांना आबांनी छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की जा, जंडेल तुझ्या पाठीशी आहे, तो इथं, या गवताखाली होता.

"मंग आपल्याकडं कोण हाय, पोरी?"

बाई विचारत होत्या की काय झालं. मी त्यांना सगळं सांगितलं: दगड, शेंदूर, आखूड चौकट, वरच्या दोन ओळी. बाईंनी मला हाताला धरून जुन्या दगडांच्या रांगेत नेलं. हा बघ. हाही बघ. दगडामागून दगड 'इरेक्टेड बाय'नं सुरू होत होता. अमक्यानं उभारला, आपल्या बायकोच्या स्मरणार्थ. तमकीनं उभारला, आपल्या भावाच्या स्मरणार्थ. आयर्लंडची ही जुनी रीत, बाई म्हणाल्या. आधी जिवंत माणूस, मोठ्या अक्षरांत. मेलेला खाली.

मी मान खाली घालून उभी राहिले. अनेक वर्षं ह्या देशात राहिले, इतकी कबरस्तानं पाहिली, कारखान्यात केसाएवढी चूक पकडायचा पगार घेते, आणि माझ्या बालपणाच्या दगडाची पहिली ओळ मला कळली नव्हती. खाली कोण आहे ते शेंदराच्या आत होतं. आम्हीच लावलेल्या.

मागं वळून बघते तर आबा खाली बसून गवत उपटत होते. नुसत्या हातानं. जंडेलच्या शिळेवरचं.

"आबा, राहू द्या."

"घाण झालीय किती," ते म्हणाले. आणि लगेच हात झटकून उभे राहिले. खाजऱ्या पानांनी दोन्ही हात लाल झाले होते. बाईंनी जवळचंच एक रुंद पान तोडलं, चुरगळलं आणि आबांच्या हातावर चोळलं. इकडे तोच उतारा. चोळता चोळता त्या काहीतरी पुटपुटल्या. मी आबांना सांगितलं नाही, पण ते असं होतं: 'माझी आई म्हणायची, ह्याच्यावरची खाजरी कुणी काढू नका.'

ती माती आबांनी तिथं घातली नाही. डबी कोटाच्या खिशात ठेवली. गाडीत म्हणाले, "कुणाची माती, ठावं न्हाई. कुणाची कुणाला घालू?"

त्यानंतरचे दोन महिने फार विचित्र गेले. डबी पुन्हा प्रेसमध्ये. आबा रोज सकाळी तिथं हात जोडायचे आणि मग जोडलेल्या हातांकडे बघायचे. कधी म्हणायचे, दगडात काय बी असू दे, देव भावाचा भुकेला. कधी म्हणायचे, मग त्या टांगलेल्या माणसांचं काय? एकदा बसमध्ये मला म्हणाले, की पोरं भरतीत निघाली ती कुणाच्या आशीर्वादानं? मी म्हटलं, धावल्यामुळे. ते म्हणाले, तुला बी तसंच वाटतंय का, तुझ्या शिक्षणाचं? आधी मी ताडकन हो म्हटलं असतं. आता मला सांगता येईना. ज्यानं गावं जाळली त्याच्या नावाचा नारळ मी खाल्ला होता. आणि तोही त्याचा नव्हताच. मग कुणाचा?

बाईंनी लिहिलं, की तुम्हाला हवं तर मी जुन्या नोंदी शोधते. आबा म्हणाले, नको. दगड आपला, आपणच बघू. मी त्यांना स्पष्ट विचारलं, की आत जंडेल नाही हे लोकांना कळलं तर उद्या कोण येईल? चौकीदारी माझ्या धाकट्या भावाकडे आली होती. फोनवर तो आधी हसला आणि मग म्हणाला, आबा, कशाला उकरता? चालतंय ते चालू द्या. आबा त्याला म्हणाले, "चालतंय, पर कुणाच्या नावानं? उद्या मेल्यावर मला कुणी दुसऱ्याच्या नावानं हाक मारली तर मी उठंन का?"

नाताळच्या सुट्टीत आम्ही सगळे छावणीत गेलो, डबी आबांच्या कोटाच्या खिशात.

देवाचं कवच हातानं काढत नाहीत. ते आपोआप गळायचं असतं, आणि गळलं तर ती मोठी गोष्ट असते. म्हणून आबांनी आधी दगडाची माफी मागितली. मग गोडेतेल लावायला सुरुवात केली. रोज तेल, रोज गरम पाण्याचं फडकं. हातोडी नाही, छिन्नी नाही. भरतीची पोरं फाटकाशी जमून बघत होती. एकजण म्हणाला, "आबा, जंडेल कोपंल. पुढच्या आठवड्यात भरती हाय माझी." आबा म्हणाले, "कोपला तर माझ्यावर कोपंल. तू धावत ऱ्हा."

मग एका दुपारी कवचाचा मोठा तुकडा सुटला आणि आबांच्या मांडीवर आला. लाल, केशरी, मधेच चंदेरी वर्खाचा थर. खाली दगड पांढरा होता, अक्षरं इतकी कोरी की कालच कोरल्यासारखी. आबा फडक्यानं पुसत खाली सरकायचे आणि मी वाचायचे, लहानपणी वाचायचे तसं, बोट ठेवून.

"ह्यानं उभारला... आपल्या स्मरणार्थ नाही... 'आपल्या मुलीच्या स्मरणार्थ.'"

आबांचा हात थांबला.

"पुसा पुढं."

मुलीचं नाव आलं. एकुलती एक, असं आलं. वय आलं: दोन वर्षंही पुरी नव्हती. त्याखाली, ती छावणीत तापानं गेली, एवढंच.

आबा ओट्यावर बसले. खाली आखूड चौकट दडलेल्या फरशीकडे बघत. मग अगदी हळू म्हणाले, "पोरी, आपण लेकराला रम पाजत व्हतो गं."

कुणी हसलं नाही. माझी मुलगी, जिला मराठी सगळं कळतं आणि जी उत्तर मात्र डब्लिनच्या इंग्रजीत देते, ती दगडाजवळ आली, नाव वाचलं आणि मला म्हणाली, "सो इट्स नॉट युअर मॅन ॲट ऑल. इट्स युअर वन." आबांनी विचारलं, काय म्हणते? मी म्हटलं, गडी नव्हे, पोरगी आहे म्हणते. आबांनी तिला जवळ ओढून मांडीवर घेतलं. ती आता मांडीवर बसायच्या वयाची राहिलेली नाही, तरी बसली.

त्या गुरुवारी आबांनी फाटकाशी उभं राहून पोरांना सांगितलं. इथं जंडेल नाही. जंडेलची लेक आहे. सिगारेट आणि बाटली आजपासून बंद. ज्याला यायचं त्यानं यावं, ज्याला नाही त्यानं मैदानावर जावं. थोडी कुजबुज झाली. एका आडदांड पोरानं विचारलं, "मंग आबा, आता पावणार कोण?" आबा म्हणाले, मला माहीत नाही. एवढंच. पुजाऱ्याच्या तोंडून मला माहीत नाही असं त्या पोरांनी कधी ऐकलं नसणार. काही गेली. काही नारळ घेऊन आत आली, आणि बाटली कमरेला तशीच खोचून परत गेली. पुढं बायका दूध घेऊन येऊ लागल्या आणि कुणीतरी कडुलिंबाला लाकडी पाळणा बांधला, असं भाऊ सांगतो. नारळ कमी झाले. पण दिवा लागतो.

आम्ही निघालो तेव्हा आबांनी डबी माझ्या हातात दिली. तीच माती, तीच डबी. ते आता आयर्लंडला परत येणार नव्हते; थंडी सोसत नाही म्हणाले.

"त्याला नेऊन दे."

ज्यानं माणसं टांगली, छपरं मोडली, त्याला हे सुख का द्यावं, असं माझ्या मनात आलं आणि मी ते बोललेही. आबा म्हणाले, "त्याला म्हणून न्हाई. लेकरू इतकी वर्षं एकटं हाय." मग म्हणाले, टांगलेल्यांची माती कुठं हाय ठावं असती तर ती बी दिली असती. ह्यातलं बरोबर काय, मला अजून कळलेलं नाही. कळलं असं लिहिलं तर खोटं होईल.

मार्चमध्ये मी त्या गावी गेले. बाईंना सगळं आधीच कळवलं होतं. त्या फाटकाच्या खांबांपाशी उभ्या होत्या, हातात जाड मोजे आणि गवत कापायची मोठी कात्री. मी काही विचारायच्या आत म्हणाल्या, "मी मुलीसाठी आलेय. त्याच्यासाठी नाही."

दोघींनी मिळून खाजरी काढली. मी शिळेच्या कडेला बोटांनी जमीन उकरली आणि डबी उपडी केली. आमच्याकडची माती तांबूस आहे, इकडची काळी. मिसळली तरी कळत होती. बाईंनी मुलीचं नाव दोनदा म्हणून बघितलं. पाटीवर नसलेलं, ह्या गावात कधी कुणी न घेतलेलं.

मग मी आबांना फोन लावला आणि सांगितलं, की लेक बापापाशी पोचली.